शिंप्याच्या आवळलेल्या कॉलरी

अगं,

तू रात्रपाळीहून येशील तेव्हा मी दवाखान्यात असेन. थर्मासमध्ये चहा तुझ्यापुरताच केलाय. मला आज पाणीसुद्धा प्यायचं नाही. मशीनवरच्या कोटाला टाचण्या आहेत, हात लावू नकोस. आधी झोप काढ, मग ये.

काळजीचं कारण नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, गळ्यातली अशी गाठ क्वचितच दिसते, पण निरुपद्रवी असते. जीभ बाहेर काढली की ती वर सरकते, हे बघायला शिकाऊ डॉक्टर रांग लावून आले. एवढं गिऱ्हाईक दुकानात कधी जमलं नव्हतं!

आता कपाट उघडून ओरडू नकोस. मागे दोनदा मी ऑपरेशन थिएटरच्या दारातून पळून आलो, म्हणून या वेळी परतीची वाटच बंद केलीय. माझ्या सगळ्या शर्टांच्या सैल कॉलरी उसवून, गाठ नसलेल्या गळ्याच्या मापाने शिवून टाकल्यात. आज तुझ्या भावाचा टी-शर्ट घालून चाललोय.

टाके निघाले की निळा शर्ट घालीन. वरचं बटण मात्र तू लाव. इतक्या वर्षांत माझी सवयच मोडलीय.

तुझा पळपुटा