अर्धी वाटी भात

लोणावळा,
८ डिसेंबर २०२४

प्रिय वहिनी,

सप्रेम जयभीम.

भाताची झोडणी उरकली आणि तुझा गुडघा पुन्हा सुजलाय, असं मानसीकडून कळलं. शेक घेत जा. मी बरी आहे. तिकीट खिडकीवर मला आता सकाळचीच ड्युटी मिळते. थंडी चांगलीच पडली आहे.

फोन केला की तू ‘बरं हाय, ठेवते’ म्हणतेस. दीड वर्ष आपण एवढंच बोलतोय. म्हणून लिहायला बसले. मानसी माहेरी आली की तिच्याकडून वाचून घे. तिला सगळं कळलं तरी चालेल.

तिच्या लग्नात तू स्वतः माझं ताट घेऊन आलीस. पुरणपोळी, तिच्यावर तूप, मटकीची उसळ, भजी. मी एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "रेल्वेत लागली, आता आमचं अन्न हिच्या घशाखाली उतरत न्हाई." मी उठले. मांडवामागे जाऊन तो एक घासही ओकून टाकला आणि मिळेल त्या गाडीनं लोणावळ्याला निघून आले. तुला वाटलं, मी माजले. वाटणारच.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी पुण्याला माझी तपासणी झाली होती. उपाशीपोटी औषध घातलेली इडली खायला दिली आणि चार तास थोड्या थोड्या वेळानं पोटाचे फोटो काढले. चार तासांनी जवळजवळ निम्मी इडली पोटातच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या मधुमेहानं पोटाच्या नसा मंदावल्यात, त्यामुळे खाल्लेलं पुढे सरकायला फार वेळ लागतो. सकाळी जेवावं आणि संध्याकाळीही ते छातीशी बसलेलं असावं, असं माझं चाललं होतं. गाठ नाही, दुसरं काही वाईट नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. कारण मी तीनदा विचारलं.

त्यानंतर मी धास्तीनं खाणंच सोडलं. अकरा किलो वजन गेलं. एकदा खिडकीवर तिकीट देता देता डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या खिडकीवरच्या सुहासनं मला धरून बसवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोकडे घेऊन गेला. अनघा तिचं नाव, आहारतज्ज्ञ आहे. ती म्हणाली, "ताई, तुमचं पोट काम करतंय, फक्त सावकाश. त्याला एकदम ओझं देऊ नका. थोडं थोडं द्या."

तेव्हापासून मी दिवसातून सहा वेळा खाते. सकाळी नाचणीची गाळलेली पेज. मग मऊ भात आणि मुगाचं वरण, अर्धी वाटी. दुधी किंवा लाल भोपळा, साल काढून, अगदी गाळ होईपर्यंत शिजवून. उकडलेलं अंडं, कधी काटे काढलेला मासा. तूप-तेल नावाला. कच्चा कांदा, उसळी, शेंगदाणे बंद. खाऊन झालं की आडवं पडायचं नाही, फलाटावर एक फेरी मारायची. साखरेची औषधंही डॉक्टरीणबाईंनी याला जुळवून दिली आहेत. पहिले दोन महिने रडू यायचं. आता भातावर लिंबू पिळलं तरी सण वाटतो. सहा किलो वजन परत आलंय. अधूनमधून एखादा दिवस बिघडतो, त्या दिवशी नुसत्या पेजेवर राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भात.

हे सगळं तुला तेव्हाच का सांगितलं नाही, ते लिहायचं टाळत इथवर आले.

दादाच्या पोटात गाठ निघाली तेव्हा शेवटचा महिनाभर तू एकटीनं त्याला चमच्यानं पेज भरवलीस. मी फोनवर सांगत राहिले, रजा मिळत नाही. वहिनी, रजा मिळत होती. साहेबांनी स्वतःहून विचारलं होतं. ज्या दादानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याला चमचाभर पेज गिळता येत नाही हे मला बघवलं नसतं, म्हणून मी आले नाही. तुला बघवत होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

मग माझ्या पोटाचं दुखणं तुझ्यापुढे कुठल्या तोंडानं मांडणार होते? नऊ वर्षांची असल्यापासून तू मला वाढवलंस, आणि तुझ्यावर वेळ आली तेव्हा मी तोंड लपवलं. त्यापेक्षा तू मला माजलेली समजावंस, हे मला सोपं वाटलं.

माफी मागते. तुला जमेल तेव्हा कळव. नाही जमलं तरी गुडघ्याला जप.

तुझी अपराधी,
यशोधरा

*

तिकोणा पेठ,
१७ डिसेंबर २०२४

यशू,

जयभीम. मानसी सोमाटण्याहून आलीया, तिच्याकडून लिहून घेते. पत्र दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना पोरीला रडू आलं, मग मीच तिला पाणी दिलं.

रजेचं मला तवाच कळलं व्हतं. तुजा आवाज मला ठावं न्हाई व्हय? तुज्या दादालाबी कळलं व्हतं. म्हनला, "तिला बोलवू नगंस, ती भित्री हाय." मला राग आलता. लय आलता. तू आली असतीस तर माजी जरा पाठ टेकली असती. तो राग अजून थोडा हाय, खोटं कशाला बोलू. पर तुज्या पोटाचं ऐकून मला वाईट वाटलं. त्या दिवशी मांडवात मी बोलायला नगं व्हतं. लेकराला खाल्लेलं पचत न्हाई, आन मी चारचौघांत टोचून बोलले.

नवा इंद्रायणी आलाय. नव्या तांदळाचा भात चिकट व्हतो, पार मऊ. तुला चालंल का, त्या बाईला विचार. भोपळा परड्यात हाय. तूप घालनार न्हाई. सा वेळा खायाचं म्हंतीस तर सा वेळा चूल पेटवंन, हितं मला दुसरं काय काम हाय. किती खाल्लंस, किती टाकलंस, ते मी बघनार न्हाई.

आईतवारी ये. माघारी जायाची घाई करू नगंस. तुज्या दादाला भरवताना माज्या शेजारी कुनी नव्हतं. तू जेवशील तवा मी तुज्या शेजारी बसंन.

तुजी वहिनी,
भामाबाई
(सही माज्या हातची हाय)