बिनधुराची चूल आणि तुझे तीन दगड

प्रिय माय,

आता तुला पत्र लिहून काय उपयोग? जिवंत होतीस तेव्हाही माझी पत्रं शेजारच्या गंगाकाकूची सून तुला वाचून दाखवायची, आणि मी त्यात 'खुशाल आहे' याच्यापुढे फारसं काही लिहीत नव्हतो. पण उद्या सौंसरच्या शाळेत माझं भाषण आहे. विषय दिलाय, 'माणसाच्या प्रगतीच्या आड काय येतं?' तुझी तेरवी होऊन तीन दिवस झाले, पाहुणे गेले, आणि मी सकाळपासून आपल्या ओसरीत कागद घेऊन बसलोय. भाषणाची एक ओळ उतरेना. शेवटी वर 'प्रिय माय' लिहिलं.

तसं ते भाषण मला पाठ आहे. अज्ञान, जुन्या रूढी, आळस! ग्रामसेवक झाल्यापासून गावोगाव हेच बोलत आलो. लोक माना डोलावतात, चहा देतात, मी सायकलवर टांग टाकून पुढच्या गावाला जातो. आता मात्र माझाच आवाज ऐकून मी थकलोय ग.

तुला ती सकाळ आठवते? लोखंडी सब्बल घेऊन मी तुझी चूल फोडली होती. ब्लॉकातली पहिली बिनधुराची चूल माझ्याच घरी बसली पाहिजे, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. तुझा खोकला मला बघवत नव्हता, हेही तितकंच खरं. काळ्या मातीत कुटार, धान्याचा भुसा, मिसळून तू हातांनी घडवलेली चूल होती ती, रोज सकाळी सारवायचीस. पहिला घाव बसला तशी तू उठून बाहेर गेलीस आणि निंबाखाली पाठमोरी बसलीस. मला वाटलं, म्हातारं माणूस, चार दिवसांत होईल सवय!

मग नवी चूल बसली. दोन भांड्यांची, मागे सिमेंटचा पाईप, धूर थेट छपराबाहेर. ती दाखवत किती मिरवलो मी!

पंधरा दिवसांनी तू एकदाच बोललीस. "बाबू, इचं तोंड लहान होऊन राहिलं रे." आणि मी काय म्हणालो? "माय, जग कुठल्या कुठं जाऊन राहिलं, अन् तू तोंडाचं घेऊन बसली! शिकून घे जरा." तू हसलीस आणि मला चहा दिलास. त्यानंतर त्या चुलीबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. मी समजलो, शिकलीस.

छिंदवाड्याहून साहेब आले तेव्हाचं तर मी सगळ्यांना सांगत फिरलो. साहेबांनी विचारलं, "अम्माजी, धुआँ तो नहीं होता?" पदर सावरून तू म्हणालीस, "नाही जी साहेब, काईच नाही." साहेब खूश! चूल कशी नव्यासारखी ठेवलीय बघा, म्हणाले. मी रजिस्टर पुढे केलं आणि आपल्या घराच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'उपयोग संतोषजनक.'

परवा तेरवीची मोठी भांडी परत करायची होती म्हणून ती घ्यायला गोठ्यामागे गेलो. तिथे तीन दगड होते, काळेकुट्ट. वाऱ्याला आड म्हणून टिनाचा एक पत्रा टेकवलेला. बाजूला पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भारा आणि राखेचा ढीग. मी गंगाकाकूला विचारलं, हे कोणाचं?

"तुले मालूमच नव्हतं?" काकू माझ्याकडे बघतच राहिली. "तीन साल झाले, तुझी माय तिथंच रांधत होती ना! तू शनिवारी येशीन तेव्हा तेवढा चहा घरात. नव्या चुलीले पुसून ठेवे. म्हणे, साहेब लोक येते, पोराचं नाव खराब होईन."

चूल पेटतच नव्हती, तर धूर कुठून होणार होता, माय?

तीन हिवाळे! पौषातल्या पहाटे तू तिथे उकिडवी बसून भाकरी थापत होतीस, खोकत होतीस, आणि मी सौंसरच्या क्वार्टरात रजई ओढून झोपलेला. डॉक्टर म्हणाले, छाती आधीचीच खराब होती. त्यांचं खरं असेल. मी मात्र त्या टिनाच्या पत्र्याकडे बघू शकत नाही.

आणि तू तरी का बोलली नाहीस? मला तुझा राग येतोय, सांगून ठेवतो. शनिवारी शनिवारी समोर बसून गूळ-शेंगदाणे खाऊ घातलेस, शेजारणीच्या गायीपासून सगळं सांगितलंस, हे तेवढं गिळलंस! एकदा ओरडली असतीस माझ्यावर. पण एकदा बोललीच होतीस, नाही का. मीच तोंड बंद केलं तुझं.

जामसांवलीला देवदर्शनाला घेऊन जातो म्हणालो होतो, तेही राहिलंच.

काल काकूला चुलीजवळ बसवलं आणि विचारलं, "काकू, सांग, काय चुकलं इच्यात?" आधी ती हसलीच. "आमाले कोन इचारते रे बाबू!" मग मात्र तासभर थांबली नाही. म्हणाली, आपल्याकडे जळण पऱ्हाटीचं, लांबच लांब. जळेल तसं आत सरकवायचं. एवढ्याशा तोंडात ते जाणार कसं, रोज तोडत कोण बसणार? भाकर तव्यावरून काढली की विस्तवाला उभी करून शेकावी लागते, तिला जागाच नाही. आणि धूर पाईपातून गेल्यावर वर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागली. ती कणसं मीसुद्धा पाहिली होती, माय. तू म्हणालीस हवा खराब आहे, आणि मी मान हलवली.

अंगठाछाप बाई, पण तिच्या बोटांत चुलीचं सगळं माप होतं. तुझ्याही होतं. चूल शोधून काढणारे हुशार होते, बसवणारा मी शिकलेला होतो, आणि भाकर करणारीला विचारायचं कोणालाच सुचलं नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात एका दुकानात टीव्ही लागलाय. लोक रस्त्यात उभे राहून बघतात. माणूस चंद्रावर जाऊन आला. एवढी अक्कल आहे आपल्याला! मग स्वतःच्या मायला "काऊन ग, जमते का?" एवढं विचारायला काय होतं? मी तुला अडाणी समजत होतो, दुसरं काय! उद्या शाळेत बोलायचं ते हेच, असं आता लिहिता लिहिता वाटतंय. टाळ्या पडतील असं नाही.

तुला शब्द देतो, माय. माझ्या रजिस्टरात जितकी घरं 'संतोषजनक' आहेत, तितक्या घरी जाईन आणि आधी गोठ्यामागे बघीन. पुढची चूल बाईला विचारल्याशिवाय बसवणार नाही. नोकरीवर आलं तर येऊ दे. सुरुवात आपल्याच घरापासून. रजिस्टर इथेच पुढ्यात आहे. साहेबांची ओळ खोडली आणि तिच्याखाली सरकारी हिंदीत लिहिलं, 'उपयोग: नहीं.' कारणाचा रकाना रिकामा होता. त्यात लिहिलं, 'माँ से पूछा नहीं.'

तुझा
बाबू