फोनमागची राजदूत

जर्सी सिटी, १२ जानेवारी १९८६

तीर्थरूप अण्णा,
इथूनच वाकून नमस्कार.

डोळ्यांवर ताण नको म्हणून हे पत्र धाकट्या मोहनकडून वाचून घ्या. माझं गॅरेज बरं चाललंय. दिवसभर लोकांची इंजिनं ऐकून पोट भरतंय.

आज सकाळी कडाक्याच्या थंडीत मोटरसायकल काढली. तुम्ही शिकवल्याप्रमाणे स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र घातलं होतं. गार हवेत इंजिन काय गोड चालतं! शेजारच्या शरयूकाकू खिडकीतून ओरडल्या, "अरे, कार काय पूजेला ठेवलीयस?" परतल्यावर कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला, तेव्हा बोटं आपली वाटली.

आता मुद्द्याचं. परवा फोनवर तुम्हाला बोलवायला सांगितलं, तर आई म्हणाली, "ते जरा पडलेत रे." तेवढ्यात मागे आपली राजदूत मोटरसायकल सुरू झाली. "मोहन असेल," म्हणाली, पण त्याआधी उगाच खोकली. अण्णा, मोहन पाच-सहा किका मारतो आणि गाडीला शिव्या घालतो. ही पहिल्याच किकला सुरू झाली. घरात हे एकाच माणसाला जमतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिनाही झाला नाही. चष्मा येईपर्यंत गाडी नको, असं डॉक्टर म्हणालेत ना? गेलेला डोळा परत मिळत नाही. थंडीतली ती मजा मला ठाऊक आहे, म्हणूनच संशय येतो.

किल्ली आजच आईकडे द्या. चष्मा आला की खुशाल पहाटे निघा.

तोवर पत्र पोचेल, म्हणून २६ तारखेच्या रविवारी फोन करीन, तो तुम्हीच उचला. आई पुन्हा "पडलेत" म्हणाली, तर बिल कितीही येवो, दाराशी गाडी थांबल्याचं ऐकू येईपर्यंत मी फोन ठेवणार नाही.

तुमचा,
श्रीराम