आतड्याच्या तक्त्यावर झालेली सही रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
तथा अध्यक्ष, खरेदी समिती,
पाणीपुरवठा देखभाल विभाग.

अर्जदार : वरिष्ठ लिपिक, खरेदी शाखा (दुसरा मजला, स्वच्छतागृहालगतचे टेबल).

विषय : अर्जदाराच्या आतड्यासाठी मंजूर झालेला औषधपर्याय क्र. १ रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) खरेदी समितीची गेल्या मंगळवारची बैठक, बाब क्र. ९.
२) मंजूर पर्यायात परस्पर बदल न करणेबाबतचे परिपत्रक (मसुदा : अर्जदार स्वतः).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, गेल्या मंगळवारी आपल्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत दोन पंप, काही झडपा, चाळीस झाडू आणि माझे आतडे यांबाबतचे प्रस्ताव वीस मिनिटांत निकाली निघाले. पैकी पंप, झडपा व झाडू यांविषयी माझी काहीही तक्रार नाही.

१. मला गेली सहा वर्षे क्रोन्स नावाचा आजार आहे. यात आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, पोटात कळा येतात, वजन उतरते, आणि माणूस कुठेही गेला तरी देवाच्या आधी स्वच्छतागृह शोधतो. आजार मुळापासून जात नाही, औषधाने दबून राहतो. ही बाब मी कार्यालयात कोणासही कळवली नव्हती. सध्याचे टेबल मागून घेताना 'तेथे उजेड चांगला येतो' असे कारण मी लेखी दिले होते. तेथे खिडकीच नाही. हे आपल्या लक्षात आले नाही, किंवा येऊनही आपण काही बोलला नाहीत. दोन्हींपैकी जे खरे असेल त्याबद्दल आभारी आहे.

२. सध्या मी स्टेरॉइडच्या गोळ्यांवर आहे. गोळी उपकारक आहे, पेटलेली सूज ती लवकर विझवते. परंतु ती कायम घेण्याची वस्तू नव्हे. तिने हाडे ठिसूळ होऊ शकतात, रक्तातली साखर चढू शकते, झोप उडते आणि चेहरा गोल होतो. माझा चेहरा गोल झाल्यापासून संपूर्ण दुसरा मजला 'तब्येत सुधारली हो तुमची!' असे अभिनंदन करीत आहे. आजारी पडून इतके कौतुक नोकरीत प्रथमच वाट्याला आल्याने मी ते नाकारले नाही. मात्र डोस कमी केला की सूज परत येते, आणि गेल्या महिन्यात आतड्याचा एक भाग अरुंद होऊ लागल्याचे तपासणीत दिसले. पोटाच्या डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून पुढचे मार्ग समजावले व म्हणाल्या, "घरी बोला, विचार करा, आणि पंधरा दिवसांत मला सांगा."

३. महोदय, विचार करणे म्हणजे काय, हे मला एकाच प्रकारे ठाऊक आहे. बावीस वर्षे मी या शाखेत तुलनात्मक तक्ते करीत आहे. घरचा मिक्सरही मी तक्ता केल्याशिवाय आणलेला नाही. माझ्या पत्नीचे म्हणणे असे की, "लग्नाच्या वेळीसुद्धा यांनी तक्ता केला होता, आणि त्यात मी तिसरी होते." हे खरे आहे. आयुष्यात तक्त्याविरुद्ध घेतलेला तो माझा एकमेव निर्णय असून त्याबाबत माझ्या बाजूने अद्याप तक्रार नाही.

४. सबब जेवणाच्या सुट्टीत मी शाखेच्या छापील नमुन्यातच औषधांचा तक्ता तयार केला. दुसऱ्या कागदावर माझा हात चालत नाही. रात्री तो घरी पत्नीला दाखवला व दुसऱ्या दिवशी सुट्टीत पुन्हा पुढ्यात घेतला. त्यातील नोंदी संक्षेपाने अशा :

पर्याय १, स्टेरॉइड गोळी. सध्या वापरात. गुण लवकर. दीर्घकाळ चालवण्यास अयोग्य.

पर्याय २, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी रोजची गोळी. गुण यायला दोन-तीन महिने, कधी जास्तही. नियमित रक्ततपासणी. शेरा : डॉक्टरबाईंच्या मते माझ्या सध्याच्या अवस्थेत ही एकटी पुरी पडणे कठीण.

पर्याय ३, सुजेच्या मुळावर नेम धरणारे जैविक औषध, शिरेतून थेंबाथेंबाने. पहिल्यांदा, मग दोन आठवड्यांनी, मग आणखी चार आठवड्यांनी, पुढे दर आठ आठवड्यांनी रुग्णालयात जाऊन काही तास पडून राहणे. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून आधी क्षयरोग वगैरे लपलेला नाही ना, याची तपासणी आवश्यक.

पर्याय ४, त्याच जातीचे औषध, पण घरच्या घरी दर दोन आठवड्यांनी स्वतःच्या हाताने टोचून घ्यायचे. फ्रिजमध्ये ठेवावे लागते. शेरा (पत्नीचा, पेन्सिलने) : 'हे घेतलं तर हा माणूस सुईच्या भीतीने फ्रिजच उघडणार नाही.'

५. एवढ्यात साठवण टाकीचा वाल्व्हमन जिन्यावरून हाका मारू लागल्याने मी सदर तक्ता झडपांच्या नस्तीत खुपसला. त्या नस्तीला 'मंजुरीसाठी' अशी चिठ्ठी आधीच लावलेली होती. पुढचे आपण जाणताच. भांडारपालांनी पर्याय ४ समोर 'शीतपेटी भांडारात उपलब्ध नाही' असा अभिप्राय दिला. लेखापालांनी पर्याय ३ समोर 'काम वारंवार बंद ठेवावे लागेल, योग्य वाटत नाही' असे लिहिले. आणि आपण हिरव्या शाईने आदेश दिलात : 'पर्याय १ वापरातील असून समाधानकारक. तोच पुढे चालू ठेवावा.' खाली सही, शिक्का.

६. आदेश हाती पडताच मी भांडारपालांकडे गेलो. येथे नमूद करणे भाग आहे की, पूर्वी त्यांनी मंजूर झाडूंऐवजी लांब दांड्याचे झाडू घेतले होते. तेव्हा मी संदर्भ क्र. २ चे परिपत्रक काढून त्यांची नस्ती तीनदा परत पाठवली होती. त्यांची कंबर दुखत होती, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. विचारण्यासाठी नमुन्यात रकाना नव्हता. त्यांनी माझा आदेश दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मंजूर पर्यायात परस्पर बदल करता येत नाही, भाऊसाहेब. अर्ज करा अर्ज!" करावे तसे भरावे, दुसरे काय. नंतर मात्र त्यांनी मला बसायला लावले, हळू आवाजात "फार दुखतं का हो?" असे विचारले आणि स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले. सहा वर्षांत हा प्रश्न मला कार्यालयात कोणी विचारला नव्हता, कारण मी कोणाला संधीच दिली नव्हती.

७. येथपर्यंतचा मजकूर वाचून आपणास वाटेल की झाली ती गंमत, कागद फाडून टाकावा, अर्ज कशाला? तर त्याचे कारण लिहिणे कठीण आहे, तरी लिहितो. तो आदेश वाचून मला राग आला नाही. मला हायसे वाटले. शिरेत नळी घालून घेण्याची मला भीती वाटते. नव्या औषधाचीही वाटते. त्याहून अधिक भीती, तेही लागू पडले नाही तर काय, याची वाटते. गोळी वाईट असली तरी ओळखीची आहे. म्हणून शुक्रवारी मी डॉक्टरबाईंकडे जाऊन, लाज वाटते पण सांगतो, आपल्या आदेशाची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो की वरून गोळ्यांनाच मंजुरी आलेली आहे.

८. बाईंनी ती प्रत उलटसुलट करून पाहिली. "तुमचे साहेब पोटाचे डॉक्टर आहेत का?" मी म्हणालो, पंपांचे आहेत. पत्नी शेजारीच होती. ती म्हणाली, "बाई, यांना औषध नकोय, यांना सही हवीय. कुणीतरी दुसऱ्यानं केलेली." आणि मला म्हणाली, "तिसऱ्या नंबरची बायको आणताना कुठल्या साहेबाला विचारलं होतंत?" मी आदेशाची प्रत टेबलावरून उचलली, घडी घालून खिशात ठेवली आणि बाईंना पर्याय ३ साठी वेळ विचारली.

९. माझ्या आवश्यक तपासण्या पूर्ण असून त्यांत दोष आढळलेला नाही. डॉक्टरबाईंच्या मते आता थांबत बसल्यास आतड्याचा अरुंद भाग कापून काढण्याची वेळ येऊ शकते. त्यांनी येत्या सोमवारी सकाळी दहाची वेळ पर्याय ३ साठी राखून ठेवली आहे. गोळीही बाईच टप्प्याटप्प्याने कमी करणार आहेत, एकदम बंद करायची नाही अशी सक्त ताकीद आहे.

सबब विनंती की :

(अ) बाब क्र. ९ वरील आदेश कृपया रद्द करावा.

(आ) त्याऐवजी दुसरा कोणताही पर्याय मंजूर करू नये. पर्याय ३ सुद्धा नको. 'मंजूर पर्याय' हा रकाना मोकळा ठेवून तक्ता मला परत द्यावा. तेथे मी सही करीन.

(इ) सोमवारची, व पुढे जेव्हा जेव्हा पाळी येईल तेव्हाची एक दिवसाची रजा मिळावी. लेखापालांचे म्हणणे बरोबर आहे, काम वारंवार बंद ठेवावे लागेल. बावीस वर्षांत ते मी एकदाही बंद ठेवलेले नाही, एवढेच नम्रपणे निदर्शनास आणतो.

(ई) संदर्भ क्र. २ चे परिपत्रक मागे घ्यावे. निदान झाडूंपुरते तरी.

आपला आजवरचा आज्ञाधारक,
(सही)
वरिष्ठ लिपिक, खरेदी शाखा
बुधवार, दि. १४

सोबत :
१. तुलनात्मक तक्ता, मूळ प्रत, आपल्या सहीसह.
२. डॉक्टरबाईंची चिठ्ठी.
३. भांडारपालांचे पत्र : अर्जदाराचे टेबल खिडकीजवळच्या, परंतु स्वच्छतागृहापासून तितक्याच पावलांवर असलेल्या जागी हलवण्यास हरकत नाही. (पावले त्यांनी स्वतः मोजली आहेत. मी सांगितलेले नव्हते.)

ता. क. : या अर्जावर सोमवारपर्यंत निर्णय न झाल्यास कृपया घाई करू नये. मी दहा वाजता रुग्णालयात असेन. पत्नी सोबत येत आहे.