गणित न घेण्याची सवलत

शनिवार, ३ ऑगस्ट २०२४, दुपारी २.१०
सेक्टर २२, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात. मालक बंसल अंकल जेवायला घरी गेलेत. मी मुक्त विद्यालयाच्या नियमपुस्तिकेला खाकी कव्हर घालतो आहे. अठ्ठेचाळीस पानं, आमच्याच प्रिंटरवर काढलेली. अंकलनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, पास हो जा, फिर लड्डू खिला देना.

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही. अभ्यास किती झाला ते माझं मला कळावं म्हणून.

परिस्थिती अशी. बाबा हॉस्पिटलात अटेंडंट होते. मार्चमध्ये गेले. त्यांच्या जागी घरातल्या एकाला अनुकंपा नोकरी मिळते, आणि नोकरी मिळाली तर क्वार्टरही राहतं. अट एकच, दहावी पास. मी २०१८ साली बुलढाण्याला मामाकडे असताना दहावीला तीन विषयांत राहिलो. हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या गुरमीत मॅडमनी आधी माझ्या धाकट्या बहिणीचं, ज्ञानदाचं, नाव विचारलं होतं, कारण ती बारावी झालेली आहे. आई म्हणाली, ती शिकतेय, तिला शिकू द्या. मी म्हणालो, मी आहे ना. मॅडमनी मला चहा पाजला आणि सांगितलं, पुत्तर, तीस जून तक सर्टिफिकेट ले आ, उसके बाद फाइल मेरे हाथ में नहीं.

अकरा महिने. भरपूर. खरं तर जास्तच.

रविवार, ११ ऑगस्ट
पुस्तिका दोनदा वाचून झाली. सार असं: पाच विषय, प्रत्येकी शंभरात तेहेतीस. त्यातले वीस मार्क घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटचे, ऐंशी पेपरचे. जुन्या बोर्डात पास झालेले दोन विषय धरतात. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि नऊ वेळा बसता येतं. नऊ! ज्याने हा नियम केला तो स्वतः कधीतरी नापास झालेला असणार. त्याशिवाय इतकी माया येत नाही.

माझं मराठी ६८, सामाजिक शास्त्रं ४४. दोन विषय झालेच. उरले तीन.

दुकानात मी रोज दहा-पंधरा जणांचे फॉर्म भरतो. चार वर्षांत माझ्या हातचा एकही फॉर्म परत आलेला नाही. म्हणजे अर्धं काम झाल्यातच जमा.

रविवार, १८ ऑगस्ट
विषयांवरून ज्ञानदाशी वाद. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, मायक्रोबायोलॉजी. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. तिने नियम १७ वर बोट ठेवलं. गणित घ्यायलाच हवं असं नाही. डेटा एंट्री ले ले, पेंटिंग ले ले, होम सायन्स ले ले. दिनभर टाइप ही तो करता है, यार.

नियम १७ मला पाठ आहे. पण सवलत ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी असते. मी तिला सांगितलं की बाबांच्या जागेवर जाणारा माणूस गणित सोडून आला, असं ऑफिसात कुणी म्हणायला नको. ती म्हणाली, बाबांच्या जागेवर स्ट्रेचर ढकलना है, दादा, उसमें बीजगणित कहाँ आता है. आई म्हणाली, भांडू नका, पोळ्या गार होतायत.

गणित, विज्ञान, इंग्रजी. फॉर्म मीच भरला. फोटोसुद्धा पहिल्या खेपेला अपलोड झाला. असं क्वचितच होतं. शुभ लक्षण.

रविवार, १५ सप्टेंबर
वेळापत्रक तयार. चार रंग. लाल गणित, हिरवं विज्ञान, निळं इंग्रजी, काळा आराम. करायला आठ दिवस लागले, पण आता विचार करायचं काम उरलेलं नाही.

शिशिर सरांना दाखवलं. सर सांगलीचे, युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करतात, प्रबंधाच्या प्रिंट काढायला दुकानात येतात. दर रविवारी हॉस्टेलवर मला गणित शिकवतो म्हणाले, फुकट. वेळापत्रक बराच वेळ बघितलं. म्हणाले, फ्रेम करण्यासारखं आहे, नरेश. मग म्हणाले, यातला आजचा लाल चौकोन झाला का?

आज वेळापत्रकच पूर्ण करायचं होतं. उद्यापासून.

रविवार, १७ नोव्हेंबर
गणिताचा धडा पहिला, तिसऱ्यांदा पूर्ण. पाया पक्का हवा. शिशिर सर म्हणतात, अरे बाबा, पाया झाला, आता भिंत बांध, नाहीतर पावसाळा यायचा. सरांना घाई फार.

वेळापत्रकात थोडा बदल केला. ऑक्टोबर पुढे ढकलला.

आईने आज बाबांचा खाकी युनिफॉर्म धुऊन इस्त्री केला. माझ्या मापाला घेता येईल का ते माझ्या पाठीला लावून बघत होती. खांद्यात ढिला होतो. मी म्हणालो, जूनपर्यंत भरेन.

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, संध्याकाळी ६.२०
आजचा प्रसंग सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज होणार नाही.

असाइनमेंट अपलोड करायची शेवटची तारीख आज होती. साइट सहाला बंद. विज्ञान आणि इंग्रजीची मी परवाच केली. गणिताची दोनदा लिहून तयार होती, पण पान सातवर आलेखाची रेघ जाड आली होती. गणितात मी कच्चा आहे हे तपासणाऱ्याला रेघेवरून कळू नये, म्हणून तिसरी प्रत करायला घेतली. आज सकाळी पान सहापर्यंत आलो होतो. उरलेली दोन पानं दुकानात लिहिणार होतो.

पण दुकानात सकाळपासून रांग. सगळ्यांचीच शेवटची तारीख. एकेचाळीस जणांच्या असाइनमेंट स्कॅन करून चढवल्या. शेवटचा एक जवळच्याच मनीमाजरा गावचा ड्रायव्हर, पावणेसहाला धापा टाकत आला. त्याच्या पानांवर चहाचे डाग. भाईसाहब, चलेगा ना? मी म्हणालो, चलेगा. त्याचं चढलं तेव्हा सहाला दोन मिनिटं होती.

माझी दुसरी प्रत पिशवीत होती. जाड रेघेची. ती चढवता आली असती, हे सहा वाजून एक मिनिटाने लक्षात आलं.

हरकत नाही. ऐंशीपैकी तेहेतीस आणायचे, इतकाच फरक.

रविवार, १३ एप्रिल
परीक्षा केंद्र सेक्टर ४३ च्या बसस्टँडच्या पलीकडची सरकारी शाळा. आज दुसऱ्यांदा जाऊन आलो. पहिल्यांदा चाळीस मिनिटं, आज अडतीस. गेट, पाण्याची टाकी, बाथरूम, सगळं पाहून ठेवलं. चौकीदार म्हणाला, पेपर तो बाईस को है, आप रोज क्यों आ रहे हो?

घरी ज्ञानदाने विचारलं, दादा, ट्रिग्नोमेट्री हो गयी? मी म्हणालो, रस्ता पाठ झाला. मग तिची स्वतःची परीक्षा असताना दोन तास बसून तिने मला साइन-कॉस शिकवलं. बरंच समजलं.

मंगळवार, २२ एप्रिल
गणिताचा पेपर झाला. अक्षर उत्तम. एकही खाडाखोड नाही. शेवटचे दोन प्रश्न वेळेअभावी राहिले, कारण समास पट्टीने आखले होते. ज्ञानदाने शिकवलेलं आलं होतं, ते पूर्ण सोडवलं. माझ्या हिशोबाने पंचेचाळीस.

गुरुवार, १९ जून, सकाळी ११.३५
निकाल. विज्ञान ४९. इंग्रजी ५२. गणित ३१. असाइनमेंटच्या रकान्यात आडवी रेघ.

दोन मार्क.

मनीमाजऱ्याचा ड्रायव्हर निकाल काढायला आला होता. असाइनमेंटमध्ये वीसपैकी चौदा. पास. त्याने मला मिठी मारली. प्रिंटचे दहा रुपये मी घेतले नाहीत.

सोमवार, २३ जून
अठ्ठेचाळीस पानं पुन्हा वाचली. दोन मार्कांसाठी नियम नाही. विषय बदलता येतो, पण पुढची परीक्षा ऑक्टोबरात. फेरतपासणीचा अर्ज केला, त्याला महिना लागतो.

गुरमीत मॅडमना अर्ज लिहिला, दीड पान, मुक्त विद्यालयाच्या नऊ संधींच्या नियमाचा हवाला देऊन. त्यांनी पूर्ण वाचला. चष्मा काढला. म्हणाल्या, पुत्तर, तेरे स्कूल में नौ बार है, मेरे यहाँ एक तारीख है. मग हळूच म्हणाल्या, बहन का नाम अब भी डल सकता है. सोमवार तक.

मी घरी सांगितलं नाही. अजून आठवडा आहे.

शुक्रवार, २७ जून, दुपारी ४ वाजता
ज्ञानदा दुकानात आली. गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली. मला वाटलं, कॉलेजचं काही प्रिंट असेल. नंबर आल्यावर तिने काउंटरवर बारावीचं मार्कशीट ठेवलं, बाबांचा मृत्यूचा दाखला ठेवला, आणि मराठीत म्हणाली, दादा, माझा फॉर्म भर.

गुरमीत मॅडमनी आईला फोन केला होता.

मी म्हणालो, फेरतपासणी होऊ दे, माझं एक पत्र पण... ती म्हणाली, मागे लोक थांबलेत.

भरला. कर्मचाऱ्याचे नाव: पांडुरंग. नाते: मुलगी. सध्या शिक्षण चालू आहे का, हा रकाना होता. मी तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, नाही लिही.

सोमवार, ३० जून
फॉर्म दिला. मॅडमनी दोनदा तपासला. एकही त्रुटी निघाली नाही. म्हणाल्या, इतना साफ फॉर्म किसने भरा?

मंगळवार, ५ ऑगस्ट
काल ज्ञानदा कामावर हजर झाली. युनिफॉर्म आईने आधीच उसवून तिच्या मापाचा केला होता. सकाळी सहाची ड्यूटी. मी सेक्टर २२ च्या चौकापर्यंत सोडायला गेलो. म्हणाली, जा, तुझं दुकान उघडायचं असेल. आजकाल मराठीतच बोलते.

फेरतपासणीचं उत्तर आलं: बदल नाही.

गणित सोडलं. नियम १७. डेटा एंट्री घेतली. आठ संधी उरल्या आहेत. आता घाई नाही.

हिशोब.
नोंदणी १,८००. जुने दोन विषय धरण्याची फी ४६०. परीक्षा फी ९००. रंगीत पेनं, फाइल, खाकी कागद ३८५. सेक्टर ४३ च्या पाच फेऱ्या, त्यातल्या दोन बघायच्या, २००. फेरतपासणी ४००. एकूण खर्च ४,१४५.

देणं: बंसल अंकल, पगारातून उचल, २,०००. ज्ञानदा, कॉलेजने तिला परत केलेली फी, जी तिने माझ्या ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी दिली, ६,२००. एकूण ८,२००.

यात तिची कॉलेजची दोन वर्षं धरलेली नाहीत.