होड्यांची नोंद

प्रिय रसिका,

चार दिवस तुझा फोन नाही, आणि मीही करत नाही. सकाळपासून तीनदा जेटीवर जाऊन आलो. समुद्र शांत आहे, मीच नाही. फोन केला तर हवापाणी विचारून ठेवून देईन, म्हणून कागद घेतला. दोन फाडले, हा तिसरा.

मंगळवारी दुपारी वारा फिरला, होड्या एकदम किनाऱ्याला लागल्या आणि जो तो मोबाईलवरून बर्फ मागू लागला. तू केलेला प्रोग्रॅम मच्छीमार सोसायटीच्या एकाच कॉम्प्युटरवर. बर्फ, डिझेल, होड्यांची ये-जा, सगळं त्याच्याच डोक्यावर. बर्फाच्या गर्दीत तो अडकला आणि होड्यांची नोंदही अडकली. आपल्या वाडीतल्या भाईने वारा चुकवायला आचऱ्याच्या खाडीत होडी घातली होती, 'पोचलो' असं कळवलंही होतं. ते आमच्यापर्यंत आलंच नाही, आणि त्याचा फोन भिजून बंद पडला. काशीबाई, त्याची आई, तीन तास जेटीवर उभी. रडली नाही. येणाऱ्या प्रत्येक होडीला फक्त विचारत होती, "माझो झील दिसलो रे?" तिन्हीसांजेला तो रिक्षातून उतरला तेव्हा चेअरमन परशुराम सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तरांनू, तुमच्या चेडवाचा मशीन निजला! माणूस गेलो असतो मा!" मग त्याने तुला फोनवर काय काय सुनावलं, तेही मला ठाऊक आहे. मी सोसायटीचा चिटणीस, त्याच्या शेजारीच बसलो होतो. चष्मा पुसत राहिलो.

गेल्या दिवाळीत ओसरीवर मी तुला म्हणालो होतो, प्रोग्रॅम खंडकाव्यासारखा एकसंध हवा, एक ओळ काढली तर वृत्त ढासळावं. तू हसलीस. म्हणालीस, बाबा, भीती त्याचीच आहे. जात्यावरच्या ओव्यांसारखा करू, एक विसरली तरी दुसरी गाता येते. सगळ्याचेच तुकडे करायचा तुझा हट्टही नव्हता. तुकडे झाले की राखायची दारं वाढतात, हे तूच मग कमिटीसाठी माझ्याकडे दिलेल्या कागदात लिहिलंस. आधी फक्त होड्यांची नोंद सोडवून क्लाउडवर नेऊ. नेट गेलं तर ती फोनमध्ये थांबेल, आलं की पुढे जाईल. किती नेटका कागद! शाळेतले तुझे निबंध असेच, खाडाखोड नाही.

तो कागद कमिटीने नाकारला, असं मी तुला सांगितलं. मी तो कमिटीपुढे ठेवलाच नाही, रसिका. त्यात शेवटी लिहिलं होतंस, यापुढे दुरुस्तीला मालवणला यावं लागणार नाही, पुण्यातूनच होईल. दर महिन्याला तो कॉम्प्युटर कुरकुरायचा आणि तू कुडाळ स्टेशनवर उतरायचीस. मी कालवणाला तिसऱ्यांच्या शिंपल्या आणून ठेवायचो. संध्याकाळी तू माझ्याकडून कविता म्हणवून घ्यायचीस. तुझी आई गेल्यापासून या घरात मोठ्याने म्हटलेलं दुसरं कोण ऐकणार? उद्या चारला सभा आहे, तुझं काम काढून घ्यायचा ठराव आहे. तिथे तुझा कागद तारखेसकट वाचणार, आणि तो कोणी दाबला तेही सांगणार. हे पत्र पोचेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. काशीबाईला आज सकाळीच सांगून आलो. तिने मला बसा म्हटलं नाही. तूही म्हणू नकोस, चालेल. पण त्यांनी काम तुझ्याकडे ठेवलं, तर पुण्यातूनच कर.

तुझाच,
बाबा