कोरडा तळ

आगरदांडा,
कार्तिक वद्य चतुर्थी, सन १९३४

प्रिय सदा,

मुलाला पत्र लिहायचं तर ‘चिरंजीव’ने सुरुवात करावी अशी रीत आहे. तशी तीन पत्रं तुला घातली. तिन्हींत पाऊस किती झाला, भात कसं आलं, आईचा गुडघा काय म्हणतो, एवढंच होतं. तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस, आणि खरं सांगायचं तर उत्तर देण्यासारखं त्यांत काही नव्हतंच. हे चौथं. यात पावसापाण्याचं काही नाही. शेवटपर्यंत वाच, मग फाडायचं तर फाड.

दिवाळीच्या आदल्या दिवशी अंबाजी तांडेल मुंबईहून पडाव घेऊन आला. धक्क्यावर मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “रावजी, तुझा पोरगा मोटारी धुतोय रं. इंजिनाला हात लावू देत न्हाईत त्याला.” तुझ्या कारखान्याच्या मालकाला कुणीतरी सांगितलं म्हणे, की या सदाने तळाला भोकं पाडलेली मोटार खाडीत घातली आणि त्यापायी एका बाळंतिणीचं मूल गेलं. अंबाजीला वाटलं मी भडकेन, मालकाच्या सात पिढ्या उद्धरीन. मी घरची वाट धरली. घरी येऊन जेवलो नाही, आणि तुझ्या आईने विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. खोटं बोलायची सवय या नऊ महिन्यांत चांगलीच अंगवळणी पडली आहे.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू त्या जुन्या लॉरीचा सांगाडा पडावात घालून आणलास, तो दिवस आठवतो ना? चार चाकं, एक इंजिन आणि वर उघडं आभाळ. नीराबाई डॉक्टरणीला अशी मोटार हवी होती, की जिथे रस्ता संपतो तिथून पुढेही ती जाईल. म्हसळा, तळा, त्याच्या आतली डोंगरातली गावं. बाईमाणूस, तिला कोण कुठे उतरवून घेणार? तेव्हा मोटारीतच झोपायचं, मोटारीतच शिजवायचं, आणि बायका तपासायच्या त्याही मोटारीतच. मी नाक मुरडलं होतं. तीन पिढ्या गलबतं बांधून आता चाकावरची खोली बांधायची! तू हसून म्हणालास, “लोखंड माझं, लाकूड तुमचं. एकानं दुसऱ्याच्यात हात घालायचा न्हाय.” हा करार मी मान्य केला आणि मोडलाही मीच.

पण काम कसं झालं होतं, सदा! तुला कधी तोंडावर म्हणालो नाही, आता म्हणतो. बापलेकांनी चार महिने एका मांडवाखाली काढले, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. सागाच्या फळ्या मी गलबतासारख्या एकीला एक भिडवल्या. एका बाजूची फळी खाली पाडली की तिची खाट व्हायची, दुसरीचं रोगी तपासायचं टेबल. पाण्याचं पिंप, स्टोव्हची पेटी, औषधांचे खण. तुझ्या आईने जुन्या शिडाच्या कापडाचा मांडव शिवला, मोटारीच्या कुशीला बांधला की अंगण तयार. तू इंजिनाची हवेची नळी उंच नेलीस, तारांना मेण लावलंस. खालचा सांगाडा पाहून मला कळेना की या पोराला एवढं आलं कुठून. कौतुक ओठांवर यायचं आणि मी म्हणायचो, “तो खिळा वाकडा गेलाय बघ.”

मग ती भोकं. मी तळ घालून पुरा केला आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर तू त्यात अंगठ्याएवढी चार भोकं पाडलेली. माझ्या तळाला! तू म्हणालास, “बाबा, ही बुजवू नका. खोल पान्यात उतरली की पानी आत यायला हवं.” पाणी आत यायला हवं, हे वाक्य मी साठ वर्षांत ऐकलं नव्हतं. आयुष्यभर पाणी बाहेर ठेवलं म्हणून चार माणसांत मान आहे. तू पुढे काही समजावून सांगत होतास, जड राहिली पाहिजे, चाकं टेकली पाहिजेत, असलं काहीतरी. मी ऐकून घेतलं नाही. मनात म्हटलं, मुंबईची हवा डोक्यात गेली आहे.

तरी मी गप्प राहिलो असतो. पण आपली रीत तुला ठाऊक आहे. नवं गलबत पाण्यात सोडायच्या आधी जमिनीवरच त्यात पाणी भरायचं, बाहेर थेंब दिसला तर सुताराची अब्रू गेली. मोटार निघायच्या आदल्या दिवशी तू दिघीला पेट्रोल आणायला गेला होतास. धक्क्यावरची माणसं जमली आणि म्हणाली, “रावजीबाबा, पानी भरा की.” मी हट्टाला पेटलो आणि घागरी ओतल्या. चार धारा लागल्या. गुणाजी पोट धरून हसला. “ही मोटार हाय का चाळण?” असं मला म्हणाला, ज्याच्या बापाचा मचवा मी बांधला तो. सगळे पांगल्यावर मी चार खुंट्या तासल्या, भोकांत ठोकल्या, वर कापूस आणि राळ ठासली. वरून पेट्या सरकवल्या. तुला सांगितलं नाही. तळ कोरडा झाला आणि मला बरं वाटलं.

शिमग्याची पुनव होती. दोन मचवे बांधून मोटार दिघीला उतरवली आणि म्हसळ्याच्या वाटेला लागलो. खाडीपलीकडच्या येसाजीची बायको वेणूबाई बाळंतपणात दोन दिवस अडली आहे असा निरोप वाटेतच आला. वाटेत आडव्या येणाऱ्या खाडीच्या फाट्यावर पोचलो तर उधाणाची भरती चढत होती. तू बांबूने पाणी मोजलंस. नीराबाईंनी विचारलं जाईल का, आणि तू म्हणालास, “कमरेइतकं हाय. बिनघोर जाईल.” कशाच्या जोरावर म्हणालास ते मला तेव्हा कळलं नाही. त्या चार भोकांच्या जोरावर.

मध्यावर गेलो आणि मोटार हलकी झाली. मी मागे पेटीजवळ फळीवर बसलो होतो. गलबत पाण्याला लागतं तेव्हा बुडाखाली जी हालचाल होते, ती मला जन्मापासून माहीत आहे. मोटार तरंगत होती. इंजिन ओरडत होतं, मागची चाकं पाण्यात नुसती गरगरत होती आणि आपण आडवे वाहायला लागलो होतो. तू मान वळवून तळाकडे पाहिलंस. तळ कोरडा ठणठणीत. मग माझ्याकडे पाहिलंस. तुला सगळं कळलं, तेवढ्या एका नजरेत. आणि तू पुन्हा पुढे पाहायला लागलास.

आता जे लिहितोय ते तुला ठाऊक नाही. माझं भोकं पाडायचं गिरमिट माझ्या मांडीजवळ होतं. खुंट्या माझ्या पायाखाली. पेटी सरकवून एक जरी खुंटी फोडली असती तरी पाणी आत आलं असतं, मोटार टेकली असती आणि तू ती बाहेर काढली असतीस. वेळ होता. मी गिरमिट हातातही घेतलं. पण काठावर मचव्यांबरोबर आलेला गुणाजी उभा होता, येसाजीची माणसं उभी होती, समोर नीराबाई. माझ्या हाताने माझ्याच तळाला भोक पाडताना हे सगळे बघणार, हे मनात आलं आणि हात थांबला. तेवढ्यात मोटार कांदळवनात घुसून कलंडली. नीराबाई होडीने पलीकडे गेल्या त्याला तीन तास लागले. वेणूबाई वाचली. मुलगा होता. नीराबाई म्हणाल्या की वेळेवर पोचले असते तरी मूल वाचलं असतं असं सांगता आलं नसतं. त्या वाक्याला धरून मी किती दिवस काढले!

ओहोटीला मोटार चिखलातून ओढली, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी आत शिरलो. लोकांना वाटलं म्हातारा आपलं लाकूड बघतोय. मी खुंट्या उपटल्या आणि खाडीत टाकल्या. मग लोक आत वाकले आणि त्यांना दिसलं काय, तर तुझ्या हातची चार भोकं. “भोकं पाडलेली मोटार पान्यात घातली, मंग बुडंल न्हाय तर काय?” असं गुणाजी म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तू माझ्याकडे बघत उभा होतास. एक शब्द बोललो असतो तर त्या दिवशी सगळ्यांनी मानला असता. मी मूग गिळून बसलो. तूही बोलला नाहीस. बापाची चारचौघांत लाज काढायची नाही म्हणून तू तुझी स्वतःची घालवलीस, आणि दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन बोटीत बसलास. निघताना पाया पडलास. ते नसतं केलंस तर बरं झालं असतं.

अंबाजी बोलून गेल्यावर दोन दिवसांनी मी सगळ्यात आधी तुझ्या आईला सांगितलं. तिने हातातलं भांडं आदळलं. म्हणाली, “मला सांगून काय व्हतंय? ज्यांच्याम्होरं गप ऱ्हायलात, त्यांच्याम्होरं जाऊन सांगा.” गेलो. येसाजीच्या ओटीवर बसून सगळं सांगितलं. वेणूबाई दाराआड उभी होती. येसाजीने ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि म्हणाला, “बाबा, पोरासाठी बाप खोटं बोलतो. त्यात काय नवल न्हाय.” धक्क्यावर सांगितलं, गुणाजीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नीराबाई मोटार दुरुस्त करून घ्यायला आल्या होत्या, त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “रावजी, तुमची माया कळते मला. पण त्याचा दोष तुम्ही अंगावर घेऊन त्याचं भलं होणार नाही.” सदा, मी देवाची शपथ घेतली. कोणी मानत नाही. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी मानलं आणि आता खरं बोलतोय तर सगळे माझी कीव करतात.

म्हणून हे पत्र. माफी मागण्यासाठी नाही, ती मागायचं तोंड मला नाही. मोटार उभी आहे, तळ नवा घातला आहे आणि चारही भोकं तुझ्याच मापाने तुझ्याच जागी पाडली आहेत. मी नीराबाईंकडून आणि येसाजीकडून वचन घेतलं आहे. येत्या अमावास्येच्या भरतीला दोघं त्या फाट्यावर उभे राहणार. त्यांच्यादेखत मी भोकांत खुंट्या ठोकीन, मोटार पाण्यात उतरेल आणि तरंगेल. मग मी आत बसून खुंट्या काढीन आणि ती टेकेल. गुणाजी चालवायला तयार नाही. तू आला नाहीस तरी मी उतरणार आहे. बैल लावून मोटार पाण्यात घालीन आणि बैलांकडूनच बाहेर ओढून घेईन. पण बैलांनी काढली तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला वेड लागलं. ती इंजिनावर बाहेर आली पाहिजे, तुझ्या हाताने, वेणूबाईच्या गावाच्या काठाला. अंबाजीचा पडाव अमावास्येच्या तीन दिवस आधी मुंबईहून सुटतो. त्यात तुझी जागा सांगून ठेवली आहे. माझ्यासाठी येऊ नकोस. पण ये.

तुझाच,
बाबा